मागचा ब्रेक लागत नाही? नट आवळण्याआधी बाण बघा

राजूरहून अकोल्याकडं येताना विठा घाट लागतो. दुधाचे दोन कॅन लटकवलेली गाडी तिथं नुसत्या पुढच्या ब्रेकवर आवरत नाही. तरी मागचा ब्रेक ढिला झाला, की रॉडचा नट दोन आटे आवळायचा आणि निघायचं, ही आपली दुरुस्ती. मीही वर्षभर तेच केलं. लायनर पार झिजला, की आतला कॅम जास्त फिरून आडवा अडकू शकतो. माझा उतारावरच अडकला. मागचं चाक जाम झालं, दूध सांडलं, गुडघा फुटला.

पॅडल पूर्ण दाबा आणि ड्रमच्या प्लेटकडं बघा. ब्रेकच्या आर्मजवळचा बाण प्लेटवरच्या खुणेला भिडला, तर लायनर संपला. मग नट आवळून उपयोग नाही.

बदलणं अवघड नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या. रॉडचा नट काढा, टॉर्क आर्मची पिन काढून बोल्ट सोडवा, मग अ‍ॅक्सल ओढा. बुश कुठल्या बाजूचा होता ते ध्यानात ठेवा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढा. स्प्लेंडरसारख्या गाडीची चेन काढावी लागत नाही, चाक बाजूला ओढलं की निघतं. दोन्ही शू स्प्रिंगसकट दुमडून काढायचे, नवे तसेच बसवायचे. आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. ती छातीला वाईट. ओल्या फडक्यानं पुसा. ड्रमला काचेसारखी चकाकी आली असेल तर पॉलिश पेपर फिरवा. कॅमला बोटभर नाही, चिमूटभर ग्रीस. लायनरला ग्रीसचा हात लागला तर नवा ब्रेकही घसरणार.

बसवताना अ‍ॅक्सलचा नट शेवटी, आणि पॅडल दाबून धरूनच आवळायचा. शू मधोमध बसतात. चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. टॉर्क आर्मला पिन नवीनच टाका, जुनी वाकडी पिन परत घालू नका. पॅडलला इंचभर मोकळीक ठेवा. हातानं फिरवलेलं चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि पॅडल दाबल्यावर मागची लाईट लागली पाहिजे.

एप्रिल 2019 नंतरच्या 125 सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांना सीबीएस आहे. तिथं मागच्या पॅडलनं पुढचा ब्रेकही लागतो. त्याची केबल स्वतः ओढाताण न करता गॅरेजवाल्याकडून लावून घ्या.

नवा लायनर सुरुवातीला कमी पकडतो. पहिले दोन-तीन दिवस एकच कॅन न्या आणि घाट दुसऱ्या गिअरवर उतरा.