घरपोच आलेला स्टार्टर फुटका निघाला तर

मोटारीचा स्टार्टर, कंडेन्सर आता मोबाइलवरून मागवता येतो. पण वाटेत खोकं आपटलं की आतलं सामान दुखावतं, आणि ते वरून दिसतंच असं नाही.

खोकं उघडतानाच घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. पत्त्याची चिठ्ठीही त्यात दिसू द्या. कंडेन्सर फुगलाय का, तेल पाझरतंय का, स्टार्टरच्या बॅकेलाइटला तडा आहे का, हे उजेडात पाहा. वीज न जोडता बटण दाबून सोडा. ते अडकता कामा नये.

ऊस सुकतोय, वीज आज रात्रीच आहे, मग बारीक तडा असला तरी माणूस म्हणतो, "बसवून तर बघू." तसं करू नका. तड्यात ओल शिरली की दोन फेज एकमेकांना भिडतात. आतले पॉइंट वाकडे बसले तर तीनपैकी एक फेज तुटतो, उरलेल्या दोनांवर मोटार तापते आणि जळते. बोअरमधून पाइप काढणं, रिवाइंडिंग, हा खर्च स्टार्टरपेक्षा जड! शिवाय स्क्रूवर तारेचा वळ उमटला की विक्रेता म्हणणार, माल वापरलेला आहे.

२०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत मिळाली पाहिजे, निवारण महिन्याभरात. दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर बिनपैशाचा फोन करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. तोवर पावती आणि खोकं चुलीत घालू नका.