जुन्या मैदानाचे जाणकार

पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती कपाशीला जितकी मानवते तितकी खेळाला मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगते, पायाला चिकटते आणि दिवसचे दिवस ओली राहते. उन्हाळा लागला की आकसते आणि भेगाळते. या फुगण्या-आकसण्यात घसरगुंडीचे खांब कलतात, कुंपणभिंती तडकतात, पेव्हर ब्लॉक कुठे वर येतात तर कुठे खचतात. त्यात वऱ्हाडचे ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा लोखंडी झोक्याला दिवसभर हात लावायची सोय नसते. असे असूनही अमरावती-अकोल्याच्या वसाहतींत जुने मैदान नवे करायचे ठरले, की कामाची सुरुवात बहुधा खरेदीच्या यादीने होते: ओपन जिमचा संच, रंगीत झोके, चालायला फरशी, दर्शनी कमान. ही यादी कोणत्याही शहरात चालेल अशी असते आणि म्हणूनच इथे ती टिकत नाही. अशा कामात लोकांना विचारणे हा सौजन्याचा किंवा राजकीय सोयीचा भाग समजला जातो. मला तो अभियांत्रिकीचा भाग वाटतो. मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात पाणी किती दिवस साचते, संध्याकाळी सावली कुठे पडते, अंधार पडल्यावर कोणत्या फाटकाने बाया येईनाशा होतात, ही माहिती कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही. ती तिथे रोज येणाऱ्यांकडे असते, आणि ती घेतल्याशिवाय काढलेला आराखडा अपुऱ्या मोजमापावरच उभा राहतो.

सामान्य माणसाला तांत्रिक काय कळते, असा आक्षेप इथे हमखास येतो. त्याचे उत्तर अमरावती जिल्ह्यातच आहे. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा 2016 साली पहिल्यांदा झाली, तेव्हा राज्यातून निवडलेल्या तीन तालुक्यांत वरुड होता. तिथल्या गावकऱ्यांना कुदळ हातात देण्याआधी प्रशिक्षण दिले गेले. उतार कसा मोजायचा, समपातळी रेषा कशी आखायची, कोणता उपचार माथ्यावर आणि कोणता पायथ्याला, हे शेतकरी आणि महिला शिकल्या. आपल्या शिवारात पाणी कुठून धावते हे त्यांना ठाऊक होतेच. त्या ठाऊक असण्याला मोजणीची जोड मिळाली. शहरातले मैदान शिवारापेक्षा कितीतरी लहान आणि सोपे असते. एका पावसाळ्यात वसाहतीतल्या पोरांनी आणि सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांनी साचणाऱ्या पाण्याच्या खुणा केल्या, तर चर कुठे काढायचा आणि मुरमाचा भराव कुठे किती घालायचा, हे अभियंत्याला नेमके ठरवता येते. खांबाच्या पायाची खोली त्यानेच ठरवावी. झोका कोणत्या झाडाखाली हवा हे मात्र त्याने विचारून घ्यावे.

लोकसहभाग म्हणजे काय, याबद्दलचा आपला घोटाळा अकोल्याच्या मोर्णा नदीने स्पष्ट केला आहे. जानेवारी 2018 मध्ये जिल्हा प्रशासनाच्या हाकेला ओ देऊन हजारो अकोलेकर नदीत उतरले. संस्था, महाविद्यालये, शाळकरी मुले, म्हातारीकोतारी सगळी आली; पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्या मोहिमेचा उल्लेख केला. ही माणसे मनापासून आली होती, त्यांच्या घामाचे मोल कमी करायचे कारण नाही. पण शहराचे सांडपाणी नदीत येतच राहिले आणि जलकुंभी पुन्हा पसरली. लोकांचे हात मागितले होते आणि ते मिळाले. सांडपाण्यासाठी पैसा कधी, किती आणि कुठे लागणार, हा निर्णय मात्र त्या हातांच्या कक्षेत नव्हता. मैदानाच्या बाबतीतही हेच होते. रंगरंगोटीला, वृक्षारोपणाला, उद्घाटनाला वसाहत बोलावली जाते. निविदेच्या आधी तिला कोणी विचारत नाही.

आधी विचारले तर काय होते, याचा मोठा दाखला आम्सटरडॅमचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 पासून, आल्डो व्हॅन आइक या वास्तुरचनाकाराने तिथल्या महापालिकेसाठी तीस वर्षांत सातशेहून अधिक लहान क्रीडांगणे आखली. पहिले झाले, तेव्हा शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी पत्रे लिहून आमच्याकडेही हवे म्हणून मागणी केली, मोकळ्या पडलेल्या जागा दाखवल्या, आणि पुढची कामे मोठ्या प्रमाणावर अशा पत्रांवरून ठरली. साहित्य अगदी साधे होते: वाळूचा हौद, उड्या मारायला दगडी ठोकळे, लोखंडी दांड्या. मात्र पत्र लिहिणाऱ्याचेच ऐकले तर न लिहिणारा सुटतो. व्हिएन्नात 1990च्या दशकात असे आढळले, की वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षानंतर मुली उद्यानांत येणे झपाट्याने कमी करतात. मग दोन उद्यानांची फेरआखणी झाली. एका मोठ्या मैदानाऐवजी खेळाचे वेगवेगळे भाग, जास्त वाटा, पुरेसा उजेड आणि बसायला जागा केल्या, तेव्हा मुली परतल्या. आपल्याकडे मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरे दिसतात म्हणून त्यांनाच विचारले, तर क्रिकेटच मिळेल. जे येत नाहीत, त्यांना त्यांच्या दारात जाऊन विचारावे लागते: मुली, अपंग मुले, दुपारी नातवाला घेऊन निघणाऱ्या आज्या.

कायद्यात याला जागा आहे, ती वापरली जात नाही. महाराष्ट्राच्या नव्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, आणि आपल्याकडच्या वसाहतींत ‘ओपन स्पेस’ म्हटले की हीच जागा. 1966च्या प्रादेशिक व नगर रचना अधिनियमाने विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवणे बंधनकारक केले; पण आरक्षित जागेवर पुढे नेमके काय बसवायचे, हे विचारायला तो सांगत नाही. ती उणीव भरून काढू शकेल अशी क्षेत्रसभेची तरतूद 2009 साली महापालिका कायद्यात आली. मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातली कामे सुचवावीत, अशी ती कल्पना. ती कागदावर राहिली. त्यातच मार्च 2022 मध्ये अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांच्या महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवकच नव्हते, तिथे प्रभागातले मैदान कोणापुढे मांडायचे? आता सभागृहे आली आहेत. क्षेत्रसभेचा पहिला विषय म्हणून मैदान घ्यावे, कारण रस्ता-नालीच्या वादापेक्षा ते लहान आहे आणि सगळ्यांना दिसते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला झटकून टाकावासा वाटत नाही. लोकांना विचारले, की मोठ्या आवाजाचे लोक मैदान घेऊन जातात: कोणाला मंदिर हवे, कोणाला लग्नासाठी सभागृह, कोणाला वाहनतळ. अमरावतीचे सायन्सस्कोर मैदान पाहा. सभा, प्रदर्शने आणि मेळावे यांसाठी त्याला एवढी मागणी असते, की एप्रिल 2024 मध्ये लोकसभेच्या प्रचारसभेच्या परवानगीवरून तिथे जाहीर तंटा उभा राहिला. मोठ्या मैदानाला हे काही प्रमाणात सोसवते, वसाहतीच्या खुल्या जागेला नाही. म्हणून विचारण्याची चौकट आधी आखलेली हवी. जागा खेळासाठीच आहे की नाही, हा प्रश्न मतदानाला टाकायचा नाही. बेंगळुरूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणे रद्द ठरवले आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा रहिवाशांचा हक्क मान्य केला. त्या चौकटीत काय, कुठे आणि आधी काय, हे लोकांनी ठरवावे. पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. तो उपक्रम मोलाचा आहे. पण कोणताही छापील अर्ज, अर्ज भरता येणाऱ्याचेच म्हणणे पुढे नेतो. त्यापेक्षा मैदानातच, सकाळी आणि दिवेलागणीला, भुईवर फक्की टाकून आखलेला नकाशा जास्त लोकांना बोलता करील.

देखभालीचे काय? आमदार निधी असो की जिल्हा वार्षिक योजना, पैसा वस्तू बसवायला सहज मिळतो. त्या सांभाळायला मिळत नाही. ज्या अमरावती शहरात 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला आणि त्यातून वाढलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्या शहराला याचे उत्तर नवे नाही. आखाड्याची माती खोदणे, चाळणे, भिजवणे हे पूर्वापार मल्लाचेच काम; व्यायाम आणि निगा वेगळी नसतात. वसाहतीच्या मैदानावर सगळा भार लोकांवर टाकणे अन्यायाचे होईल, दिवे आणि पाणी महापालिकेनेच द्यावे. पण जे साहित्य वापरणाऱ्याला उघडून दुरुस्त करता येते, ते निवडले तर निगा त्याच्या हातात येते. स्थानिक लोहार सांधू शकेल अशी दांडी, सुताराला बदलता येईल अशी फळी, दरवर्षी दसऱ्यानंतर पुन्हा पसरता येईल असा मुरूम. मार्चअखेर निधी परत जातो म्हणून घाई केली जाते. तर मग विचारपूस जुलैत सुरू करावी, भर पावसात, पाणी साचलेले दिसत असताना, म्हणजे ऑक्टोबरला आराखडा आणि डिसेंबरला निविदा निघेल.