सात रात्रींचा धीर

ज्या घरीं देवपूजा आहे त्या घरीं फुलझाड असावयाचेंच. मग तें अंगणांत असो, वा तिसऱ्या मजल्यावरील सज्जांतल्या कुंडींत असो. परंतु खत म्हणजे झाडाचें अन्न, आणि अन्न जितकें अधिक तितकें पोषण अधिक, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती किती घातक आहे ह्याचा अनुभव मला गतवर्षीं आला. तो मिरविण्यासारखा नसला तरी उपयोगाचा आहे, म्हणून येथें सांगतों.

आमच्या घरीं एक मोगरा आहे. माझ्या मातुःश्रींनीं माहेराहून आणलेल्या फांदीपासून तो वाढला. आज त्याची निगा आमच्या वहिनी राखतात, आणि चैत्रापासून देवाच्या मस्तकावर त्याचेंच फूल असतें. गतवर्षीं फाल्गुन सरत आला तरी कळी दिसेना. वहिनींची हळहळ पाहून मीं घाण्यावरून भुइमुगाची पेंड आणली आणि चांगल्या दोन ओंजळी कोरडीच कुंडींत घातली. चार दिवसांत दुर्गंधि सुटली. आठव्या दिवशीं पानांच्या कडा करपल्या. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. नुसत्या कुंडीपाशीं उभ्या राहिल्या.

सूनबाईंनीं वरची माती काढून टाकली, कुंडींतून भरपूर पाणी वाहूं दिलें आणि झाड सावलींत ठेविलें. त्यायोगें तें वांचलें. "बाबा, पेंड कुजवून घालायची असते," इतकेंच त्या म्हणाल्या.

हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. फळाफुलांच्या वृद्धीसाठीं शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचें चूर्ण, तीळ, सातूचें पीठ इत्यादि द्रव्यें सात रात्री पाण्यांत ठेवावीं व मग तें पाणी मुळाशीं घालावें, असें तेथें सांगितलें आहे. तीस वर्षें संस्कृत शिकविणाऱ्या मला द्रव्यें पाठ होतीं. सात रात्री तेवढ्या विसरलों!

पेंडींतील नत्र आहे त्या रूपांत मुळांस घेतां येत नाहीं. सूक्ष्म जंतु प्रथम त्याचा अमोनिया व पुढें नायट्रेट करतात, तेव्हां तें मुळांच्या उपयोगी पडतें. हें कुजणें कुंडींतच एकदम सुरू झालें, कीं उष्णता व अमोनिया ह्यांनीं कोंवळीं मुळें जळतात. शिवाय जुन्या शेणखतांत नत्र शेंकडा सुमारें अर्धा भाग, तर भुइमुगाच्या पेंडींत सुमारें ७ भाग. म्हणजे माझ्या २ ओंजळी शेणखताच्या २८ ओंजळींबरोबर झाल्या! इतक्या नत्रानें झाड जगलें तरी पानेंच माजतात, फुलें येत नाहींत.

पेंड वापरावयाची तर मूठभर पेंड ५ लिटर पाण्यांत भिजवून, वर सैल झांकण घालून, ७ दिवस सावलींत ठेवावी व रोज काठीनें ढवळावी. मग गाळून, त्या पाण्याच्या १ भागांत १० भाग साधें पाणी मिळवावें आणि तें पंधरवड्यांतून एकदां ओल्या मातींत घालावें.

नित्याच्या पोषणासाठीं मात्र घरच्या कचऱ्याचें खतच उत्तम. इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं १९२४ ते १९३१ ह्या काळांत पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख ह्यांचे थर रचून, ते वरखालीं करून, सुमारें ३ महिन्यांत खत सिद्ध करण्याची पद्धति बसविली. यशवंत वाड ह्यांच्यासह त्यांनीं तिच्यावर लिहिलेला ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या घरीं भोंकें पाडलेला एक माठ पुरे. वाळलेलीं पानें, त्यांवर भाजीचे देंठ व दोरा काढलेलें निर्माल्य, त्यावर मूठभर जुनें खत, असे थर रचावे आणि आठवड्यांतून एकदां वरखालीं करावे. पान ओळखूं येईनासें झालें, ऊब गेली आणि पहिल्या पावसांत भिजलेल्या मातीसारखा वास आला, कीं खत तयार झालें असें समजावें.

पौषांत मोगऱ्याची छाटणी करून आम्हीं हेंच खत घातलें. चैत्रांत पहिलीं पांच फुलें उमललीं. वहिनींनीं चार देवास वाहिलीं. पांचवें कांहीं न बोलतां माझ्या बृहत्संहितेवर आणून ठेविलें.