दहाव्या हिश्शाची आग

एप्रिल-मे महिन्यांत मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या आसपास डोंगरउतारांवर जागोजागी धूर दिसतो. परक्या माणसाला वाटतं, वणवा लागला. जवळ गेलं की कळतं, आग जेमतेम एका वाफ्यापुरती आहे आणि ती मुद्दाम लावलेली आहे. मोखाडा-जव्हारचे वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी शेतकरी याला राब भाजणं म्हणतात.

इथे पाऊस चार महिने कोसळतो, पण काळ्या कातळावरची माती पातळ. जी आहे तीही उतारावरून वाहून जायला टपलेली. पहिल्या सरींबरोबर तण असं माजतं की नागलीचं, म्हणजे नाचणीचं, कोवळं रोप त्याखाली गुदमरावं. सगळा उतार सुपीक करणं कुणाच्याच हातात नाही. म्हणून शेताच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी जागा निवडायची आणि सगळी ताकद तिथे ओतायची.

राब रचणं हे कसबाचं काम आहे. तळाला वाळलेलं शेण. त्यावर ऐनासारख्या झाडांचे टहाळ, मग गवत आणि पालापाचोळा. सगळ्यात वर बारीक मातीचा थर. ही माती आगीला भडकू देत नाही, धुमसत ठेवते. पेटवतातही वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकते आणि ऊब जमिनीत मुरते.

आता मातीत काय घडतं पाहा. तणांचं बी आणि किडींची अंडी भाजून निघतात. राखेतून पालाश मिळतं. त्याहून नवलाची गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही: उष्णतेने मातीतले असंख्य सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांच्या देहांत अडकलेला नत्र रोपांसाठी मोकळा होतो. तापवलेल्या मातीत रोपांना मिळणारा नत्र वाढतो, ही किमया इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या प्रयोगशाळेत रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. १९१२ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासह थेट राबावरच शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. डोंगरातली माणसं तोवर पिढ्यानपिढ्या राब भाजत आली होती.

भाजलेल्या वाफ्यात बी पेरतात. पाऊस स्थिरावला की राबातली तरतरीत रोपं उपटून आवणी, म्हणजे पुन्हा लावणी, सुरू होते. भात खाचरात जातं, नागली वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, उतारावर. रोप तणाच्या आधी मोठं झालेलं असतं, त्यामुळे शर्यत लागण्याआधीच निम्मी जिंकलेली असते. वरकसावर पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी किंवा उडीद, आणि त्यानंतर जमीन पड टाकायची, अशी जुनी पाळी आहे. दर वर्षी घ्यायचं ते कमी कमी होत जातं आणि शेवटी जमिनीला विसावा मिळतो.

या साऱ्याची भिस्त जंगलावर आहे. टहाळ तोडताना झाड मुळातून पाडत नाहीत. ऐन पुन्हा फुटतो. पण एकाच झाडावर दर वर्षी कोयता चालला, तर तेही खंगतं. टहाळ तोडण्यावरच्या निर्बंधांवरून इंग्रजी अमलात ठाणे जिल्ह्यात मोठा असंतोष उसळला होता. आज २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपलं जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार दिला आहे. कुठल्या झाडाला यंदा हात लावायचा नाही, हे ठरवण्याचं काम त्या ऐनाच्या आधाराने नागली पिकवणाऱ्यांइतकं मन लावून दुसरं कोण करील?