शारदीय उत्सवांतील कोहळा व भोपळा

पर्जन्यकाळ सरला, आकाश निवळले आणि शेताच्या बांधावर झेंडू फुलू लागला म्हणजे महाराष्ट्रातील घराघरांत शारदीय उत्सवांची चाहूल लागते. पावसाच्या आरंभी कुंपणालगत लाविलेल्या वेलींवर याच सुमारास दोन मोठी फळे पिकू लागतात. एक तांबडा भोपळा. त्यास कोठे काशीफळ, तर कोठे डांगर म्हणतात. दुसरा अंगावर पांढरी भुकटी मिरविणारा कोहळा. नवरात्रापासून कार्तिकापर्यंत ही फळे देवघरात, उंबरठ्यावर आणि स्वयंपाकघरात मानाने वावरतात. त्यांना सजविण्याची रीत जुनी आहे. परंतु हा साज केवळ शोभेचा नव्हे. त्यामागील अर्थ ध्यानी घेतला, तरच तो शोभून दिसतो.

दिसण्यात भावंडे वाटली, तरी या दोन फळांची कुळकथा अगदी निराळी आहे. कोहळा मूळचा आशियातला. संस्कृतात त्यास कूष्मांड म्हणतात. नवदुर्गांपैकी चौथ्या रूपाचे नाव कूष्मांडा आहे, आणि कार्तिक शुद्ध नवमीस कूष्मांडनवमी म्हणून कोहळ्याचे दान करण्याचा प्रघात आहे. तांबडा भोपळा मात्र अमेरिकेतून आलेला पाहुणा. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातील एका गुहेत भोपळ्याच्या जातीच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेस पोहोचल्यानंतरच हे फळ जुन्या जगात आले. पुढे ते आपल्याकडे इतके रुळले की, लेकीकडून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी आपल्या बालकथांत कायमची येऊन राहिली.

कोहळ्याच्या सजावटीचा खरा अर्थ नवरात्रात उलगडतो. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले अंबाजोगाई हे योगेश्वरी देवीचे क्षेत्र. आश्विनाप्रमाणेच मार्गशीर्षातही तिचे नवरात्र होते, आणि तिला कुलस्वामिनी मानणारी घराणी दूर कोकणापर्यंत पसरलेली आहेत. देवीच्या उपासकांत अष्टमीस वा नवमीस होम करण्याचा कुळाचार अनेक ठिकाणी आढळतो. अशा होमाच्या शेवटी कित्येक घरी कोहळ्याचा बळी देतात. कोहळा धुऊन पाटावर ठेवितात, त्यास हळद-कुंकू व फूल वाहून त्याची पूजा करितात आणि मग शस्त्राने त्याचे दोन भाग करून पांढऱ्या गरावर कुंकू घालितात. पशूच्या जागी फळ योजिण्याची ही कल्पना घरगुती सोयीतून निघालेली नाही. कोहळा आणि ऊस यांना बोकडाच्या बळीइतकेच मोल कालिकापुराणाने दिले आहे. एका मुक्या जिवाचे प्राण वाचविणाऱ्या फळाला त्या जिवाचाच मान मिळतो. कित्येक घरी कोहळ्यास पहिली चीर पुरुषाने द्यावी, स्त्रीने देऊ नये, असा संकेत आहे; त्यातूनही या फळास केवळ भाजी मानीत नाहीत, हेच दिसते. कोहळ्यावरील कुंकवाचा पट्टा हा या कृतज्ञतेचा साज होय.

पाश्चात्त्य देशांतही शरद ऋतूत भोपळा सजवितात. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीन सणास भोपळा आतून कोरून, त्यास नाक-डोळे पाडून आत दिवा लावितात. आयर्लंड आणि स्कॉटलंड येथे हे दिवे पूर्वी सलगमाचे करीत. तेथील लोक अमेरिकेत जाऊन राहिले, तेव्हा त्यांना मोठा आणि कोरावयास सोपा भोपळा मिळाला. अलीकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही हे कोरीव भोपळे दिसू लागले आहेत. दिव्याची ती कल्पना मनोहर आहे खरी. पण विळ्या-भोपळ्याचे सख्य येथे आड येते. साल एकदा भेदली की गराला वारा लागतो, बुरशी धरते आणि आपल्या उष्ण हवेत फळ काही दिवसांतच नासते. तेच फळ अखंड ठेविले, तर कित्येक महिने टिकते.

म्हणून सजवावयाचे फळ न कापता सजवावे. ते पूर्ण पिकलेले, जड आणि टणक सालीचे असावे. देठ दोन-तीन बोटे राखलेला असावा, कारण देठ तुटला की तेथूनच कूज शिरते. कोहळ्यावरील पांढरी भुकटी हे त्याचे नैसर्गिक मेणकवच होय. ते घासून काढू नये; जेथे नक्षी काढावयाची तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसावी. रंगासाठी बाजारी तैलरंगांची गरज नाही. हळदीत किंचित चुना कालविला की तांबडा रंग मिळतो. तांदळाच्या पिठीचा पांढरा आणि गेरूचा विटकरी रंग घरीच होतो. काडीला कापूस गुंडाळून गोपद्म, कमळ किंवा स्वस्तिक रेखावे. तांबड्या भोपळ्याला जन्मतःच फाका असतात; त्यांवर चित्र काढण्यापेक्षा फाकांच्या खाचांतून झेंडूच्या बारीक माळा सोडल्या, तर त्याचे मूळचे रूप उठून दिसते. फळ गोल असल्याने खाली कापडाची चुंबळ ठेवावी. त्यामुळे ते कलंडत नाही आणि बुडाला ओल धरत नाही. भोवती ज्वारीची रास, आपट्याची पाने आणि एक समई एवढे पुरे. साज थोडा असला म्हणजे फळाचा घाट डोळ्यांत भरतो.

दारावर दृष्टीसाठी टांगलेला कोहळा सुतळीच्या जाळीत घट्ट बांधावा आणि मऊ पडू लागताच उतरवावा. काही ठिकाणी कोहळा रस्त्यावर फोडतात. त्याच्या गरावरून घसरून वाहनस्वार पडतात. अनिष्ट टाळण्यासाठी केलेली कृती दुसऱ्यास अनिष्ट ठरू नये.

उत्सव संपला की रंग साध्या पाण्याने धुवावा आणि फळ विळीकडे न्यावे. भोपळ्याचे घारगे आणि दह्यातले भरीत, कोहळ्याचे सांडगे आणि कोहळेपाक, वाळविलेल्या बिया, यांतले काहीच वाया जावयाचे नाही. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात याचे मोल विशेष आहे. तेथील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घरदार सोडून ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जातात. ज्या मुलखात पोटासाठी सणासुदीच्या दिवसांत गाव सोडावे लागते, तेथे वेलीवरचे फळ शोभेसाठी कोरून उकिरड्यावर टाकणे ही चैन ठरेल. आपल्या जुन्या रीतीत फळ प्रथम पूजेस लागते, मग पोटास लागते, आणि त्याचे बी पुढील पावसासाठी राखेत घोळवून ठेविले जाते.