कोकणपट्टीतील हिवाळा सौम्य का?

ऋतूंची नावे विद्यार्थी सहज सांगतात. परंतु हिवाळ्याचे वर्णन करण्यास सांगितले असता विठ्ठलवाडी, कल्याण, अंबरनाथ या भागातील मुलाच्या तोंडी बहुधा पुस्तकातील हिवाळा येतो. दाट धुके, शेकोट्या, कुडकुडणारी माणसे हे सर्व तो वाचून सांगतो. त्याच्या अंगणात मात्र पौष महिन्यातही दुपारी चांगले ऊन असते आणि लोकरीचे कपडे वर्षातील बहुतेक दिवस पेटीतच राहतात. वाचलेल्या व अनुभवलेल्या हिवाळ्यांत हे अंतर का पडते, याचा उलगडा भूगोलाच्या तासास झाला पाहिजे.

पहिले कारण स्थानाचे होय. विठ्ठलवाडी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास येथे दिवस सर्वांत लहान असतो. तरीही तो सुमारे ११ तासांचा भरतो आणि मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंच येतो. त्यामुळे भर हिवाळ्यातही जमिनीस पुरेशी उष्णता मिळते.

दुसरे कारण समुद्राचे. पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास तितक्याच वजनाच्या कोरड्या वाळूपेक्षा सुमारे पाचपट उष्णता लागते; म्हणून पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. हिवाळ्यातही अरबी समुद्राचे पाणी कोमट असते. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे किनाऱ्याची हवा फार तापू देत नाहीत आणि हवेतील बाष्प रात्री जमिनीतून निघून जाणारी उष्णता काही अंशी अडवून धरते.

तिसरे कारण पर्वतांचे. मध्य आशियातील अतिथंड वारे हिमालयाच्या भिंतीमुळे भारतात सरळ शिरू शकत नाहीत. पुढे सह्याद्रीही कोकणाचे रक्षण करतो. हवा उंचावरून खाली उतरताना दाबली जाते व दर १०० मीटरांस सुमारे १ अंश सेल्सिअसने तापते. नाशिकचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तेथील गार हवा घाट उतरून कोकणात येईपर्यंत तिची धार बरीच बोथट होते. याच कारणाने निफाड परिसरात द्राक्षबागा वाचविण्यासाठी शेतकरी रात्री शेकोट्या पेटवितात, महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी काही वर्षी दव गोठते. पण सह्याद्रीखालच्या गावांत असे दृश्य दिसत नाही.

तथापि, सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात कडाका कधी पडतच नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. भूमध्य समुद्राकडून येणारे वादळी पट्टे उत्तर भारतावरून पुढे सरकले, की त्यांच्या मागोमाग थंड व कोरडे उत्तरेचे वारे दक्षिणेकडे वाहू लागतात. आकाश निरभ्र असेल, वारा मंद असेल व हवेत बाष्प कमी असेल, तर रात्री जमीन झपाट्याने निवते. २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ७.४ अंश व कुलाबा येथे ११.७ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले. एकाच शहरातील या दोन आकड्यांत ४.३ अंशांचा फरक आहे. कुलाब्यास तिन्ही बाजूंनी समुद्राची सोबत आहे; सांताक्रूझला ती तितकी नाही. विठ्ठलवाडी तर खुल्या समुद्रापासून सुमारे ३५ किलोमीटर आत आहे. रात्री येथे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. म्हणून कल्याण, बदलापूर, कर्जत या बाजूच्या रात्री कुलाब्याहून गार असतात.

थंडी सापेक्ष असते, हेही विद्यार्थ्यांस पटवून द्यावे. भारतीय हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे मैदानी प्रदेशात थंडीची लाट जाहीर करण्यासाठी किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असावे लागते. किनाऱ्यावरील ठिकाणी ते १५ अंश किंवा त्याहून कमी व नेहमीपेक्षा निदान ४.५ अंशांनी खाली असले तरी पुरते. १९४७ नंतर सिंधमधून येऊन कल्याणच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात वसलेल्या कुटुंबांना आपल्या मूळ प्रदेशातील याहून कडक हिवाळा परिचित होता. ज्या थंडीत एकास पातळ चादर पुरते, तीच दुसऱ्यास असह्य होते.

या थोड्या दिवसांच्या थंडीवर बरेच काही अवलंबून असते. रात्री गार झाल्याखेरीज आंब्यास चांगला मोहोर येत नाही. परंतु फळ धरल्यावर पुन्हा कडाका पडला, तर झाड नव्याने मोहोरते व आधीची लहान फळे गळतात. भातानंतर घेतलेला वाल जमिनीतील उरलेल्या ओलीवर व दवावर वाढतो. माणसांचा प्रश्न याहून नाजूक आहे. जेथे थंडी क्वचित पडते तेथे तिची तयारीही क्वचितच असते. घरे हवा खेळावी अशी बांधलेली असतात. मुरबाड, शहापूर तालुक्यांतील कुडाच्या भिंतींतून तर वारा सरळ आत येतो. तान्ही मुले, वृद्ध व सकाळच्या शाळेस अपुऱ्या कपड्यांनिशी येणारी बालके यांस अशा वेळी त्रास होतो. गारठलेल्या वर्गास उन्हात बसवून पहिला तास घेणे हा साधा उपाय होय. खोली बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवणे मात्र प्राणघातक ठरते. तीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही व त्यास वासही नसतो. ही गोष्ट मुलांमार्फत घरोघरी पोहोचली पाहिजे.

पाठाच्या जोडीस दोन उपक्रम घेता येतील. दोन सारख्या डब्यांत सारख्या वजनाचे पाणी व कोरडी वाळू घेऊन ते तासभर उन्हात व नंतर तासभर सावलीत ठेवावेत आणि दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवावे. समुद्र व जमीन यांतील फरक मुलांस आकड्यांत दिसेल. दुसरा उपक्रम डिसेंबर व जानेवारीतील रोजच्या नोंदीचा. ताप पाहण्याचा तापमापक येथे उपयोगी नाही. प्रयोगशाळेतील साधा तापमापक सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर टांगावा. दिवसातील सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते. म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे आळीपाळीने ही नोंद सोपवावी व आकाश निरभ्र की ढगाळ, वारा कोणत्या दिशेचा, हेही लिहून घ्यावे. अशी वही चार-पाच वर्षे सांभाळली, तर गावाच्या हिवाळ्याचा अभ्यास करण्यास गावातच साधन उपलब्ध होईल.