वैकुंठभाई मेहता : बँकेच्या खतावणीतून प्रांताच्या खजिन्याकडे

मुंबई इलाख्याच्या राजकारणात वकिलीच्या वाटेने आलेली माणसे विपुल. बँकेच्या मेजावरून उठून थेट अर्थखात्याची सूत्रे हाती घेणारा वैकुंठभाई मेहतांसारखा पुरुष मात्र विरळा. १८९१ साली जन्मलेले हे गृहस्थ, वडील सर लल्लूभाई सामळदास व सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये निघालेल्या मध्यवर्ती सहकारी बँकेत (आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक) दुसऱ्याच वर्षी रुजू झाले. वशिला उघडच होता. तरी १९४६ पर्यंत तो कारभार त्यांनी नेकीने हाकला, हेही तितकेच उघड आहे.

सावकाराकडे जमीन गहाण टाकल्यावाचून ज्याला बी-बियाणास दमडी मिळत नसे, त्या कुणब्यास गावच्या पतसंस्थेमार्फत, सभासदांच्या परस्पर जामिनकीवर कर्ज द्यावयाचे आणि सुगीनंतर वसूल करावयाचे, असा तो व्यवहार. ग्रामीण संस्थांची जबाबदारी बहुधा अमर्यादित असल्याने एकाने बुडविले तर झळ साऱ्यांना लागे. या हिशेबात मुरलेला माणूस बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थ व सहकार खाती सांभाळू लागला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यास सरकारदरबारी जाणता हितचिंतक लाभला.

१९५२ नंतर ते खादी-ग्रामोद्योगाच्या कार्यात रमले. १९५४ मध्ये पद्मभूषण मिळाले. सहकाराचे शिक्षण देणारी पुण्यातील राष्ट्रीय संस्था आजही त्यांच्याच नावाने चालते.